पीडब्ल्यूएमने एलईडीचा करंट खरंच कमी होतो का? दशावताराच्या लाईटसाठी विचारतोय

ट्रिकसीन_वेंगुर्ला

नमस्कार मंडळी. वेंगुर्ल्याजवळच्या गावात आमचं हौशी दशावतार मंडळ आहे, मी तोंडाला रंग लावत नाही, लाईट आणि ट्रिकसीनचं सगळं माझ्याकडे असतं. कार्तिकात जत्रा सुरू होतील त्याच्या आधी एक काम मार्गी लावायचंय.

सीन असा आहे की देवी प्रकट होते तेव्हा तिच्या मागच्या प्रभावळीतून उजेड हळूहळू वाढत जायला पाहिजे, पखवाज चढत जातो तसा, आणि देवी अंतर्धान पावली की तसाच विझत जायला पाहिजे. मेन लाईनवर डिमर नको, कारण जत्रेत लाईट कधी जाईल आणि जनरेटर कधी खोकेल याचा भरवसा नाही, म्हणून सगळं बॅटरीवर ठेवलंय. 12 व्होल्ट 7 एएचची सीलबंद बॅटरी, 10 वॉटचा सीओबी एलईडी चिप (पिवळा चौकोन असतो तो), आर्डुइनो नॅनो (कोड टाकून चालवायचा छोटा बोर्ड), आणि मॉसफेट (गेटला व्होल्टेज दिला की ड्रेन-सोर्समधून करंट सोडणारा ट्रान्झिस्टर) आयआरएलझेड 44 एन. बॅटरीचा प्लस एलईडीला, एलईडीचा मायनस ड्रेनला, सोर्स ग्राउंडला, नॅनोची 9 नंबर पिन 220 ओहममधून गेटला. बस एवढंच. ग्राउंड कॉमन केलेलं आहे, ते विचारू नका.

चिपवर 9 ते 11 व्होल्ट, 900 मिलीअँपिअर लिहिलंय. दुकानदार म्हणाला 12 व्होल्टला डायरेक्ट चालतो. तरी सेफ्टी म्हणून मी कोडमध्ये पीडब्ल्यूएमची (पिन झपाझप चालू-बंद करून उजेड कमी-जास्त करणं) व्हॅल्यू 77 च्या वर जाऊच देत नाही, म्हणजे 255 पैकी साधारण 30 टक्के. मल्टिमीटर 10 अँपिअरच्या रेंजला सिरीजमध्ये लावून बघितला तर 0.7 अँपिअर दाखवतो. म्हणजे रेटिंगच्या आतच झालं ना? तरी चिप सणसणीत तापतो, आणि परवा रंगीत तालमीला आतल्या तीन ओळींपैकी एक ओळ काळीच पडली.

दुसरं दुखणं म्हणजे मोबाईल. आता नाटक बघायला येणारा प्रत्येक माणूस शूटिंग करतो आणि सकाळपर्यंत यूट्यूबवर टाकतो, त्यात प्रभावळ लागली की आडवे काळे पट्टे सरकताना दिसतात. डोळ्याला काही दिसत नाही, फक्त व्हिडिओत.

म्हणून मूळ प्रश्न असा की डिप्लोमाला शिकवलेलं, बेसला करंट कमी दिला की कलेक्टरला कमी जातो, बीटा पट वगैरे. मग मॉसफेटऐवजी साधा ट्रान्झिस्टर लावला आणि पिनवर व्हॅल्यू कमी दिली तर करंट खरोखरच कमी जाईल ना? चालू-बंद चालू-बंद न करता सलग कमी करंट पाहिजे मला. कोणी केलंय का असं?

---

फेज_न्यूट्रल

ओळ का काळी पडली ते तुझ्या आकड्यांतच आहे, बघ. 30 टक्के ड्युटीला, म्हणजे 30 टक्के वेळच चालू असताना, मीटर 0.7 दाखवतो. मीटर दाखवतो सरासरी. मग उरलेले 70 टक्के वेळ करंट शून्य असेल तर चालू असताना किती जातोय? 0.7 भागिले 0.3, म्हणजे 2.3 अँपिअर. 900 मिलीच्या चिपमधून सेकंदाला 490 वेळा 2.3 अँपिअर. तीन दिवसांचं जेवण एकाच पंगतीत बसून जेवलास तर सरासरी बरोबर येईल पण पोट वाचणार नाही, तसं चाललंय त्या चिपचं. आत केसापेक्षा बारीक तारा असतात, त्यांना सरासरी कळत नाही, पीक कळतो.

आणि एक ओळ गेली की पुढचं गणित अजून वाईट. त्या चिपमध्ये तीन-तीन एलईडीच्या तीन ओळी पॅरलल असतात, एक उघडली की तोच करंट उरलेल्या दोघींवर. तो चिप आता सोड, नाटकाला तरी लावू नकोस.

कोडमध्ये 77 चा लगाम घातलास तो ब्राइटनेसला आहे, करंटला नाही. करंटला लगाम कुठेच नाही. बॅटरी 12.6, चिपला पाहिजेत 10 च्या आसपास, वरचे अडीच व्होल्ट कोण खाणार? तुझ्या सर्किटमध्ये ते वायर, मॉसफेट आणि चिप स्वतः मिळून खातायत. आयआरएलझेडचा ऑन रेझिस्टन्स 5 व्होल्ट गेटला 0.025 ओहम असतो, तो काय अडवणार. त्यात एलईडी तापला की त्याचा व्होल्टेज उतरतो, म्हणजे करंट अजून चढतो, म्हणजे अजून तापतो.

अजून एक, मीटर सिरीजमध्ये लावलास तेव्हा मीटरच्या लीड आणि आतला शंट धरून पॉइंट एक-दोन ओहम तरी आपसूक घातलेस. एवढ्या अडचणीच्या सर्किटमध्ये तेवढ्यानेच करंट पडतो. म्हणजे मीटर काढल्यावर खरा आकडा 2.3 पेक्षा जास्तच असणार.

आता ट्रान्झिस्टरचं. पिनवर 77 दिलंस तरी पिन 1.5 व्होल्ट देत नाही, पिनला दोनच गोष्टी येतात, 0 आणि 5. नॅनोला खरा अ‍ॅनालॉग आउटपुट नाहीच, फंक्शनचं नाव काहीही असो. मग बेसला पण पूर्ण करंट नाहीतर काहीच नाही, कलेक्टरला तेच. आणि सरळ डीसी देऊन बीटावर करंट ठरवायचा म्हणशील तर बीसी 547 चा बीटा 110 पासून 800 पर्यंत कुठेही असतो, ए बी सी ग्रेडप्रमाणे, वर तापला की वाढतो. परीक्षेत बीटा 100 धरायचा असतो, जत्रेत नाही. शिवाय बीसी 547 ची लिमिटच 100 मिलीअँपिअर आहे.

आत्ताच्या आत्ता करायचं तर एलईडीला सिरीजमध्ये 3.3 ओहमचा सिमेंट रेझिस्टर टाक, 10 वॉटचा. 12.6 वरून 10 गेले की 2.6 भागिले 3.3, पावणेआठशे-आठशे मिली. मग 255 पर्यंत बिनधास्त जा.

---

आबोलेचो_वळेसार

नाटक खयच्या जत्रेक असा ता पयला सांग, करंट-बिरंट नंतर बघूया. आणि प्रभावळीत एवढो उजेड केलास तर देवीचो मेकप कोण बघतलो?

---

ट्रिकसीन_वेंगुर्ला

@आबोलेचो_वळेसार तारीख ठरली की सांगतंय, ये तू, धयकालो होईपर्यंत जाऊक देणार नाय.

@फेज_न्यूट्रल दादा, 0.7 भागिले 0.3 बघितल्यावर डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नवीन चिपला 3.3 ओहम लावला, 255 देऊन रेझिस्टरच्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजला तर 2.5, म्हणजे 0.76 अँपिअर. हे बरं आहे, वायर तोडून मीटर घुसवायला नको. चिप आता कोमट, रेझिस्टर मात्र हात लावू देत नाही.

पण चार्जर जोडलेला असताना बॅटरी 13.8 ला जाते तेव्हा उजेड भसकन वाढतो, आणि बॅटरी उतरली की कमी. पट्टे पण तसेच आहेत. सलग करंटचा काही मार्ग नाहीच का?

---

लॅमिंग्टन_रिटर्न

भावा, एवढं कशाला डोकं लावतोस. पीटी 4115 चं तयार मोड्यूल मिळतं, पाठच्या खिशात मावेल एवढं, 6 ते 30 व्होल्ट इनपुट, 1.2 अँपिअरपर्यंत कॉन्स्टंट करंट देतं आणि डिम नावाची पिन असते तिला पीडब्ल्यूएम दे. करंट किती ते त्यावरचा एक बारका रेझिस्टर ठरवतो, 0.1 भागिले तो रेझिस्टर. मुंबईतल्या कुठल्या चाकरमान्याला सांग लॅमिंग्टन रोडवरून घेऊन ये म्हणून, येताना ट्रेनमध्ये घेऊन येईल.

पट्ट्यांसाठी पीडब्ल्यूएमची फ्रिक्वेन्सी वाढव. पिन 9 आणि 10 टायमर वनवर चालतात, त्याचा प्रीस्केलर (घड्याळाचा वेग ज्याने भागायचा तो आकडा) मुळात 64 असतो, तो 8 केला की 490 चे 3921 हर्ट्झ आणि 1 केला की 31372. मोबाईलचा सेन्सर एकेक ओळ वाचत खाली जातो, एलईडी कॅमेऱ्याच्या समोर आला की मोबाईल शटर आपोआप बारीक करतो, मग काही ओळी एलईडी चालू असताना वाचल्या जातात काही बंद असताना, तेच ते पट्टे. 3921 ला बहुतेक जातील, 31 हजाराला नक्की. पिन 5, 6 च्या टायमरला हात लावू नकोस, डीले आणि मिलिसेकंदांचं सगळं गणित त्याच्यावर चालतं, तुझा फेड एकदम घोड्यासारखा पळायला लागेल.

---

फेज_न्यूट्रल

31 हजाराला 220 ओहम आणि हा मॉसफेट म्हणजे थोडं जड जाईल. गेटचा चार्ज 5 व्होल्टला 48 नॅनोकुलोंबपर्यंत असतो, नॅनोची पिन 220 ओहममधून जेमतेम वीस मिली देणार, म्हणजे उघडायला तीनेक मायक्रोसेकंद आणि मिटायला तेवढेच, आणि अख्खा पीरियडच 32 मायक्रोसेकंदांचा. एवढ्या करंटला मॉसफेट जळणार नाही, पण कमी व्हॅल्यूला उजेड नीट हिशोबात राहणार नाही. 3921 वर थांब.

---

ऑपअँप_काका

पोराने सरळ प्रश्न विचारलाय की सलग करंट पाहिजे, आणि सगळे त्याला चालू-बंदच विकतायत. होतं ते, आणि मोड्यूलची वाट बघायला लागत नाही, रिपेरिंगवाल्याच्या डब्यात सगळं सापडतं.

कल्पना अशी की पीडब्ल्यूएमने मॉसफेट उघड-मीट करायचाच नाही. पीडब्ल्यूएम आधी गाळून सपाट डीसी करायचा, तो डीसी म्हणजे फक्त हुकूम, किती करंट पाहिजे एवढं सांगणारा. खरा करंट एका छोट्या रेझिस्टरवर मोजायचा आणि हुकूम व मोजमाप एक होईपर्यंत गेट किती उघडायचं ते ऑपअँपने (दोन इनपुटमधला फरक बघून आउटपुट हलवणारा आयसी, इथे एलएम 358) बघायचं. मग बीटा किती, बॅटरी किती, चिप गरम की गार, कशाशी देणंघेणं नाही.

आता जोडणी. सोर्स आणि ग्राउंडच्या मध्ये अर्धा ओहम, म्हणजे 1 ओहम 1 वॉटचे दोन पॅरलल. 0.9 अँपिअरला त्यावर 0.45 व्होल्ट पडतील. पिन 9 वरून 10 के, पुढे 1 के ग्राउंडला, 5 व्होल्टचे झाले 0.4545, म्हणजे 255 ला बरोबर 0.909 अँपिअर, चिपच्या रेटिंगवर आणून ठेवलं. पाहिजे तर कोडमध्ये थोडं खाली थांब. त्या 1 के ला पॅरलल 10 मायक्रोफॅरड. हा जो सांधा तो एलएम 358 च्या प्लस इनपुटला. मायनस इनपुट 1 के मधून सोर्सला, आउटपुट 220 ओहममधून गेटला, आउटपुट ते मायनस इनपुट 1 नॅनोफॅरड. हा एक नॅनो विसरू नकोस, गेट म्हणजे कपॅसिटरच असतो, त्याच्यामुळे ऑपअँप ऑसिलेट व्हायला लागतो, आणि मग डीसी समजून बसशील आणि आत काहीतरी शेकडो किलोहर्ट्झवर कोकलत असेल. 358 ला सप्लाय 12 चा दे, म्हणजे गेटला पुरेसा व्होल्टेज जाईल. 741 लावू नकोस, कितीही घरात पडलेला असला तरी. त्याला ग्राउंडजवळचे मिलिव्होल्ट वाचता येत नाहीत, 358 ला येतात, म्हणून तोच.

फ्रिक्वेन्सी इथे मात्र 31372 कर. इथे पिनने गेट ओढायचंच नाहीये, रेझिस्टर-कपॅसिटर आहेत फक्त, त्यामुळे वर फेज_न्यूट्रलने सांगितलेली अडचण इथे लागू नाही. 490 ला ठेवलंस तर 10 मायक्रो असूनही निम्म्या ड्युटीला 25 मिलिव्होल्टचा रिपल (चढउतार) राहतो, फुल स्केलच्या साडेपाच टक्के, कॅमेऱ्याला तो दिसेल. 31 हजाराला त्याच्या चौसष्टावा हिस्सा. उशीर म्हणशील तर 9 मिलिसेकंद, तुझा फेड काही सेकंदांचा, कळणार पण नाही.

आता याची किंमत. जास्तीचे व्होल्ट आता मॉसफेट खाणार आणि गरम होणार. 12.6 वजा 10 वजा 0.45, म्हणजे 2.15 व्होल्ट, गुणिले 0.9, साधारण 1.9 वॉट. चार्जर लावून 13.8 असेल तर 3 वॉट. हीट सिंकशिवाय हे पॅकेज वॉटला 60 डिग्रीने वर जातं, म्हणजे शंभराच्या बरंच वर. जुन्या एसएमपीएसमधला अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा लाव, पुरे होतो. 3.3 ओहमचा रेझिस्टर काढून टाकायचा, तो इथे नको, बॅटरी उतरल्यावर तो आडवा येईल. तो नसेल तर बॅटरी 11 पर्यंत येईपर्यंत उजेड जराही हलणार नाही, आणि त्याच्या खाली लेड अ‍ॅसिड तशीही ओढू नये.

---

लॅमिंग्टन_रिटर्न

काका, 1.9 वॉट नुसते जाळायचे? बक कन्व्हर्टर (जास्तीचा व्होल्टेज न जाळता उतरवणारं सर्किट) लावला तर वाचतात. इंडक्टर आणि शॉटकी डायोड टाकला की झालं, पीडब्ल्यूएम आहेच की.

---

ऑपअँप_काका

बारा वॉटातले दोन. 10 भागिले 12.6 म्हणजे 79 टक्के चिपलाच जातोय. चांगला बक 85-90 देईल. 24 व्होल्टची बॅटरी असती तर मी स्वतः बक सांगितला असता.

आणि नॅनोच्या पीडब्ल्यूएमने उघडा बक चालवला तर तो करंट नाही ठरवत, व्होल्टेज ठरवतो, म्हणजे फिरून मूळ दुखण्यावरच आलो. करंट वाचून ड्युटी सुधारायची म्हणशील तर एक अ‍ॅनालॉग रीडिंगच शंभरावर मायक्रोसेकंद घेतं, तेवढ्यात तीन-चार सायकल होऊन गेलेल्या असतात. 100 मायक्रोहेन्री लावलास तर 31 किलोहर्ट्झला रिपल 0.65 अँपिअर येतो, करून बघ गणित. 470 लागेल, तो पण अँपिअर झेपणारा, तो इथे कुठल्या दुकानात मिळतो मला सांग. तुझं पीटी 4115 वालं मोड्यूल हे काम नीट करतं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. डिम पिनला पीडब्ल्यूएम दिला की तो पण चालू-बंदच करतो, एवढंच.

---

सोल्डरचा_धूर

दोघांच्या मधला एक रस्ता आहे. ऑपअँप नको असेल तर सोर्समध्ये 0.68 ओहम, आणि एक बीसी 547, बेस सोर्सला, एमिटर ग्राउंडला, कलेक्टर गेटला. पिन ते गेट 220 च्या जागी 1 के. करंट 0.9 च्या पुढे गेला की 0.68 वर 0.6 व्होल्ट येतात, 547 जागा होतो आणि गेट खाली खेचतो. पीडब्ल्यूएम तोच राहू दे, पण आता पीक बांधलेला. तापमानाने थोडा सरकतो, डिग्रीला 2 मिलिव्होल्ट, म्हणजे वीस डिग्रीला सहा-सात टक्के, पण गरम झाल्यावर करंट कमी होतो, वाढत नाही, त्यामुळे चालतं. माझी देवघरातली लाईट अशीच आहे. पट्टे जाणार नाहीत पूर्ण, कारण 1 के मुळे फ्रिक्वेन्सी फार वर नेता येत नाही.

---

मीठ_आणि_पीसीबी

सर्किट कुठलंही करा, मी फक्त हवेबद्दल बोलतो कारण माझं घर मालवणात दर्यापासून हाकेवर आहे आणि ब्रेडबोर्डवर काही ठेवलं की पावसाळ्यानंतर ते गेलेलं असतं. ब्रेडबोर्डच्या आतल्या पट्ट्या काळ्या पडतात आणि कॉन्टॅक्ट सुटायला लागतो. तुझ्या सर्किटमध्ये ते फार महत्त्वाचं आहे, कारण अर्ध्या ओहमवर मोजतोयस, आणि खराब जम्परचाच पाव ओहम होतो. डॉट बोर्डवर सोल्डर कर, सेन्स रेझिस्टरचा (करंट मोजणाऱ्या त्या अर्ध्या ओहमचा) ग्राउंड आणि 1 के चा ग्राउंड एकाच ठिकाणी आण, बॅटरीची जाड वायर पण तिथेच. झालं की फ्लक्स आयसोप्रोपाइलने पुसून टाक आणि वरून पीसीबी लॅकर मार. नेलपेंट पण चालतं, तुमच्याकडे मेकपच्या पेटीत असेलच.

जत्रेच्या मांडवात रात्री दव पडतं ते वेगळंच. डब्यात ठेव, आणि डब्याला भोक खालून पाड.

---

ट्रिकसीन_वेंगुर्ला

काका, जमलं! डॉट बोर्डवर केलं काल रात्री. अर्ध्या ओहमवर 255 ला 0.45 व्होल्ट येतात, चार्जर लावला काढला तरी काटा हलत नाही. मोबाईलने अगदी चिपच्या तोंडाजवळ जाऊन शूटिंग केलं, एक पट्टा नाही. मंडळाच्या हार्मोनियमवाल्याला दाखवलं तर तो म्हणाला आता गॅसबत्तीसारखं दिसतंय, त्याच्या तोंडून ही स्तुती आहे.

दोन गोष्टी राहिल्यात. एक म्हणजे कोडमध्ये शून्य दिलं तरी चिप अगदी मिणमिणता राहतो, दिवसा कळत नाही पण काळोखात प्रभावळीचं नक्षीकाम दिसतं. सगळी गंमत जाते, देवी यायच्या आधीच कळतं की मागे काहीतरी आहे. दुसरं, सुरुवातीच्या उजेडात पायऱ्या दिसतात, 1 वरून 2, 2 वरून 3 असा टुकटुक चढतो, पुढे गुळगुळीत आहे.

---

ऑपअँप_काका

मिणमिणणं 358 चा ऑफसेट आहे. दोन इनपुट एक समजतो तो, पण दोन-तीन मिलिव्होल्टचा फरक असतो, वाईट नग असेल तर 7. अर्ध्या ओहमवर 2 मिलिव्होल्ट म्हणजे 4 मिलीअँपिअर, काळोखात एवढ्यात चिप छान दिसतो. उपाय एका रेझिस्टरचा. नॅनोच्या 5 व्होल्टवरून 470 के थेट मायनस इनपुटला. तिथे सोर्सकडून 1 के आहेच, म्हणजे मायनस इनपुट कायम दहा मिलिव्होल्टने वर बसेल आणि शून्याला ऑपअँप गेट पूर्ण मिटेल. बदल्यात तळचे दोन-अडीच टक्के हुकूम वाया जातील, 6 पर्यंत काहीच लागणार नाही, फेड तिथून सुरू कर.

पायऱ्यांचं कारण डोळा. काळोखात 1 चे 2 झाले म्हणजे उजेड दुप्पट झाला, 200 चे 201 कोणाला कळतात. टायमर वन 16 बिटांचा आहे, त्याला 10 बिट फास्ट मोडला टाक, 1024 पायऱ्या मिळतील आणि फ्रिक्वेन्सी 15.6 किलोहर्ट्झ राहील, फिल्टरला पुरे. त्याच्या वर कोडमध्ये वेळेच्या प्रमाणात सरळ न वाढवता वर्गाने वाढव, म्हणजे निम्म्या वेळाला पाव उजेड. पखवाजाच्या लयीला तेच शोभेल, शेवटच्या आवर्तनात उजेड धावत वर येतो.

---

फेज_न्यूट्रल

आणि प्लस इनपुटच्या 1 के मुळे नॅनो रीसेट झाला तरी तुझा हुकूम शून्यावरच राहतो, हे या सर्किटचं मला आवडलं. तुझ्या आधीच्या जोडणीत गेटला पुलडाउन (ग्राउंडकडे ओढून ठेवणारा रेझिस्टर) नव्हता, सप्लाय देताना पिन तरंगत असते आणि चिप भपकन लागून विझतो. जुना बोर्ड स्पेअर म्हणून नेणार असशील तर गेट ते सोर्स 10 के टाकून ने, आणि तो 3.3 ओहम त्याला राहू दे.

---

ट्रिकसीन_वेंगुर्ला

470 के टाकला, मिट्ट काळोख. 10 बिटांचं आज रात्री बसतो.

हीट सिंक चिपचाच मोठा आहे, त्यालाच मॉसफेट स्क्रूने आवळू का? एकाच जागी दोन्ही, प्रभावळीच्या मागे जागा कमी आहे.

---

सोल्डरचा_धूर

आवळ, पण मध्ये मायका आणि स्क्रूला प्लास्टिकचा बुश घालून. त्या पॅकेजचा पत्रा म्हणजे आतून ड्रेन, म्हणजे अख्खी हीट सिंक एलईडीच्या मायनसला जोडली जाईल, आणि प्रभावळ पत्र्याची असेल आणि कुठे बॅटरीच्या मायनसला टेकली तर चिपवर सरळ 12 व्होल्ट, ना ऑपअँप अडवणार ना कोड. आवळून झालं की मीटर कंटिन्यूटीला ठेवून ड्रेन आणि हीट सिंक तपास, बीप आला तर मायका फाटलाय. दोन्ही बाजूला पेस्ट लाव, थोडीच.

आणि चिपची उष्णता पण त्याच तुकड्यात येणार आहे, तेव्हा 255 वर पाच-दहा मिनिटं ठेवून हात लावून बघ. हात ठेवता येत नसेल तर कोडमध्ये 200 वर थांब, प्रेक्षकांना फरक कळणार नाही.